ओढ्यापलीकडची वाट

आई साताऱ्याहून पहिल्यांदा आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनात राहायला आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "इथं चालायला कुठं जायचं रे?" आमच्या वसाहतीचा फुटपाथ मोठ्या रस्त्याला लागला की संपतो. ओढ्याच्या पलीकडे मात्र टाउनचा ग्रीनवे आहे. झाडांतून जाणारी रुंद वाट, सायकलवरची मुलं, काठी टेकत चालणारे आजी-आजोबा. मधलं अंतर जेमतेम सहाशे मीटर, पण तिथं जायला गाडी काढून वळसा घालावा लागायचा आणि आई गाडी चालवत नाही. ती वसाहतीच्या टोकापर्यंत जायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत यायची. मला ते फार लागायचं.

म्हणून मी टाउनच्या उद्यान विभागाच्या नागरिक समितीसाठी अर्ज केला. पहिल्याच बैठकीत नकाशा समोर आला आणि मी चकित झालो. आमचे सहाशे मीटर त्यावर आधीपासून होते, तुटक रेषेनं आखलेले. म्हणजे वाट कोणाला सुचली नव्हती असं नाही. ती फक्त कागदावरून खाली उतरली नव्हती.

या राज्यात अशा रेषांना मोठा इतिहास आहे. ट्रेल्सचा, म्हणजे पायवाटांचा, कायदा १९७३ चा. राजधानी रॅलेमध्ये बिल फ्लॉर्नॉय नावाच्या विद्यार्थ्यानं १९७२ मध्ये नगर परिषदेला अहवाल दिला, की ओढ्या-नाल्यांकाठची पूरजमीन बांधकामापासून मोकळी ठेवा आणि तिथूनच माणसांना चालू द्या. १९७४ मध्ये शहरानं ग्रीनवेचा कार्यक्रम हाती घेतला. आज तिथला न्यूस नदीकाठचा ग्रीनवेच सुमारे ४४ किलोमीटर आहे. १९७७ मध्ये पश्चिमेच्या डोंगरांपासून समुद्रापर्यंत एकच पायवाट न्यायची कल्पना मांडली गेली. ती 'माउंटन्स-टू-सी ट्रेल' अजून बऱ्याच ठिकाणी मोटारींच्या रस्त्यावरून जाते. अलीकडे राज्याच्या परिवहन खात्यानं शंभरच्या शंभर काउंट्या, म्हणजे जिल्हे, जोडणारा आराखडा केला आणि २०२३ हे 'ट्रेलचं वर्ष' म्हणून पाळलं गेलं. एवढ्या मोठ्या जाळ्यात आमचा तुकडा म्हणजे एक टाका. पण टाका सुटला की शिवण तिथंच उसवते.

मग पैशांचा शोध सुरू झाला. मला वाटायचं, राज्याचा आराखडा आहे म्हणजे राज्याचे पैसेही असतील. तसं नसतं. २०२१ च्या अर्थसंकल्पात ट्रेल्ससाठी जवळपास तीन कोटी डॉलर आले, पण ते राज्यानं अधिकृत ठरवलेल्या लांब ट्रेल्ससाठी. परिवहनाच्या २०१३ च्या कायद्यानुसार निव्वळ सायकलच्या किंवा पायी चालण्याच्या प्रकल्पात राज्याचा पैसा घालता येत नाही. केंद्राचे ८० टक्के मिळाले, तरी उरलेले २० टक्के गावानंच उभे करायचे. मोठ्या टाउनना ते झेपतं. राज्याच्या पूर्वेकडच्या गरीब काउंट्यांना ते कसं झेपणार, हा प्रश्न मला तेव्हाही पडला आणि आजही स्वस्थ बसू देत नाही.

आमच्या आकाराला बसणारी योजना एकच होती, 'रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम'. रस्ता सोडून रानावनात चालणाऱ्या गाड्यांच्या इंधनावर जो केंद्रीय कर बसतो, त्याच्यातून १९९१ पासून हा निधी येतो. म्हणून त्यातले ३० टक्के मोटारी ट्रेल्सना, ३० टक्के बिनमोटारी ट्रेल्सना आणि ४० टक्के सगळ्यांनी मिळून वापरायच्या ट्रेल्सना जातात. आधी पूर्वअर्ज, मग पूर्ण अर्ज, मग सात नागरिकांच्या राज्य समितीची शिफारस. आमच्या वेळी मर्यादा एक लाख डॉलरची होती आणि अनुदानाच्या २५ टक्के आपला हिस्सा. डांबरी ग्रीनवे एवढ्यात होणं शक्यच नव्हतं. आम्ही खडीची भुकटी दाबून केलेली वाट आणि ओढ्यावर लाकडी पूल ठरवला. अमेरिकन टोबॅको ट्रेलचा वेक काउंटीतला भाग असाच आहे. पूर्वी तिथून तंबाखूची रेल्वे जायची, आता त्याच भुकटीवरून घोडेही जातात आणि मुलांच्या बाबागाड्याही.

पहिला अर्ज नामंजूर झाला. चूक आमचीच. नकाशे सुंदर होते, पाठिंब्याची पत्रं होती, पण मधल्या एका घरामागच्या पट्ट्याचा ईझमेंट, म्हणजे वहिवाटीचा हक्क, कागदावर सही होऊन आलेला नव्हता. तिथं सांडपाण्याच्या वाहिनीसाठी टाउनचा हक्क आधीच होता आणि तेवढा पुरेल असं आम्ही धरून चाललो. पाइप नेण्याचा हक्क वेगळा, माणसं नेण्याचा वेगळा.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर गावात पाणंदीचे वाद मिटवलेत. ते म्हणाले, "नकाशावर तुटक रेघ असली म्हणून पाणंद खुली होत नाही. शेजारच्याच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं."

मी तेच केलं. त्या पट्ट्याची मालकीण एकटी राहणारी वयस्कर बाई. पहिल्या भेटीत तिनं दार अर्धंच उघडलं. तिला भीती होती ती परक्या लोकांची, रात्रीच्या वर्दळीची आणि कोणी पाय घसरून पडलं तर आपल्यावर दावा होईल याची. मी वाद घातला नाही. पुढच्या खेपेला टाउनच्या वकिलांचं एक पानी पत्र नेलं, की देखभाल आणि जबाबदारी टाउनची. त्यानंतर तिला आणि आईला घेऊन पलीकडच्या ग्रीनवेवर गेलो. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एका बाकावर दोघी तासभर बसल्या. चौथ्या भेटीत तिनं दोन अटी घातल्या: वाट कुंपणापासून लांब सरकवायची आणि तिचं डॉगवूडचं झाड तोडायचं नाही. इंजिनिअरनं रेषा वाकवली. सही झाली.

दुसरा अर्ज मंजूर झाला, पण पैसे लगेच हातात येत नाहीत. आधी टाउननं खर्च करायचा, मग बिलं लावून परतावा मागायचा. त्याआधी पर्यावरणाची तपासणी. न्यूसच्या खोऱ्यात ओढ्याच्या दोन्ही काठांना पन्नास फुटांचा पट्टा राखीव असतो. पुलामुळे पुराची पातळी वाढणार नाही, हेही आकडेमोड करून दाखवावं लागलं. यात बरेच महिने गेले. कंटाळून काही जण समितीतून गेले. मला मात्र हा वेळ वाया गेला असं वाटत नाही, कारण तोच ओढा आमच्या तळघरापर्यंत आलेला मी पाहिला आहे.

आमच्या हिश्शात श्रमदानाचे तास धरता आले. शनिवारी सकाळी मराठी मंडळाची मंडळी फावडी घेऊन आली, शाळेतली मुलं आली. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, प्रत्येकाची सही. ती वही मी जिवापाड जपली, कारण एकेक तासाची किंमत परताव्यात मोजली जाणार होती.

आई पुढच्या खेपेला आली तेव्हा पूल तयार होता. पहिल्या दिवशी ती एकटीच निघाली. दीड तासानं परतली आणि म्हणाली, "तिकडं पुढं एक मोठा रस्ता आडवा येतो. तिथं वाट थांबते."

मला ती जागा माहीत आहे. तीसुद्धा नकाशावर तुटक रेषाच आहे. रस्त्यापलीकडची जमीन एका शेतकऱ्याची. त्यानं रविवारी चर्चहून आल्यावर दुपारी घरी बोलावलं आहे. आईही बरोबर येते म्हणाली आहे.