तुम्ही विचारलंत म्हणून: साऱ्या घराला चालतील अशी गाणी

"मुलांची गाणी लावली की आम्ही वैतागतो, आमची लावली की मुलं. दोघांनाही आवडेल असं काय लावू?" मी लहान मुलांना गाणं शिकवते, त्यामुळे पालक हे नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आपली जुनी बालगीतं लावा, आणि ती मूळ ध्वनिमुद्रणातलीच.

'नाच रे मोरा' घ्या. १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं गाणं. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आवाज आशाबाईंचा. पोरांचंच तर आहे, उरकून टाकू, असं त्यात कुठेही जाणवत नाही. काळे ढग म्हणजे पिंजलेला कापूस आणि वीज टाळी देते! मूल त्या टाळीला टाळी देतं, शेजारी बसलेला बाबा कापसापाशी थबकतो. गदिमांचं 'गीतरामायण' १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. लेखणी तीच, मुलांसाठी पातळ केलेली नाही.

'एका तळ्यात होती' मला त्याहून प्रिय. पुन्हा गदिमा आणि आशाबाई, पण चाल श्रीनिवास खळ्यांची. कुरूप पिल्लाला कुणी जवळ करत नाही, एवढी दुःखाची गोष्ट. तरी चाल रडकी होत नाही, शांतपणे सांगत जाते. त्यामुळे मुलं न घाबरता शेवटपर्यंत ऐकतात, आणि तो राजहंस निघाला की त्यांचे चेहरे उजळतात. वर्गात मागे बसलेल्या आयांचे डोळे मात्र त्याच ओळीला भरून येतात. एकटं पडणं काय असतं, ते त्यांना ठाऊक असतं ना!

पाडगावकरांचं 'सांग सांग भोलानाथ' तर सांगायलाच नको. आठवड्यात जास्तीचे रविवार मुलांपेक्षा नोकरदारांनाच हवे असतात.

याच गाण्यांच्या नव्या आवृत्त्या मी सुचवत नाही. बऱ्याच ठिकाणी एकच ठेका बडवलेला असतो, शब्द त्याखाली दबून जातात. मोठ्यांचं डोकं बालगीतांनी नाही, त्या ठेक्याने उठतं.

आणि नुसतं लावून देऊ नका, बरोबर गा. सूर लागला नाही तरी मुलांना चालतं. झोपायच्या वेळी 'एका तळ्यात' लावा. 'नाच रे मोरा' संध्याकाळी, फर्निचर जरा बाजूला सरकवून.