‘नवऱ्याला घेऊन इकडेच का येत नाहीस?’

माझा नवरा युक्रेनचा, मी त्याच्यासोबत युक्रेनमध्येच राहते, आणि हा प्रश्न दर फोनला येतो, दर लग्नकार्यात येतो. आता तर आईच्या शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईसुद्धा तिला जिन्यात गाठून विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकते. यापुढे कुणी विचारलं तर आईने हे वाचायला द्यावं.

प्रश्न जोडीने येतो. आधी ‘तिथे माणसं राहतात तरी कशी गं?’ आणि त्याचं उत्तर अर्धं होत नाही तोच ‘नवऱ्याला घेऊन सरळ सांगलीला का येत नाहीस?’ दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी देते. मार्शल लॉ आहे. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायला बंदी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये २२ वर्षांपर्यंतच्या मुलांना सोडायला सुरुवात झाली, पण माझा नवरा त्या वयातून कधीच पुढे गेला. तीन लहान मुलं असतील तर बापाला सूट आहे. आम्हाला एक आहे. ‘मग आणखी दोन होऊ द्या की,’ असा सल्लाही एका मावशीने दिला, आणि ती थट्टा करत नव्हती.

हे इतक्यांदा सांगून झालंय की आता सांगताना माझा आवाज चढतो, हे मलाही कळतं. पुढच्या फोनला पुन्हा तेच.

आता पहिला प्रश्न, राहतात कशी?

तुम्हाला टीव्हीवर कीव्ह दिसतं. आमचं कोलोमिया तिथून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी, प्रूत नदीच्या काठाला आहे. कीव्हमध्ये स्फोट झाला की आईचा फोन येतो आणि मी बहुतेक वेळा बाजारात असते. बाजारात डोंगरातल्या हुत्सुल बायका मेंढीच्या दुधाचं खारट ब्रिन्झा चीज आणि दोऱ्यात ओवलेले सुके मशरूम घेऊन बसतात. दूध मिनरल वॉटरच्या दीड लिटरच्या बाटलीत मिळतं, लेबलही न काढलेलं. बाटलीच्या गळ्याशी साय किती बोटं जमलीये ते बघायचं आणि मग भावाचं बोलायचं. सायीवरून घासाघीस करणाऱ्या परदेशी बाईला इथे मान मिळतो. व्याकरण चुकलं तरी चालतं.

कोथिंबीर शोधायची नाही. इथे शेपू. उकडलेल्या बटाट्यावर शेपू, सूपवर शेपू, काकडीच्या लोणच्यात शेपूचे वाळके तुरे. शेपूची भाजी दिसली की ताटावरून उठणारी मी, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. तीच मी आता ऑगस्टमध्ये तीन लिटरच्या बरण्यांची रांग लावते, लसूण, तिखट मुळा आणि शेपू घालते आणि सासूबाईंच्या देखरेखीखाली झाकणं आवळते. या बरण्या घराखालच्या तळघरात जातात. सायरन झाला की आम्हीही तिथेच जातो. मुलीने एका फळीवर स्वतःची उशी आणि रंगपेटी ठेवली आहे. खरं सांगायचं तर सगळे काही दर वेळी खाली उतरत नाहीत. रशियात मिग-३१के विमान उडालं तरी अख्ख्या देशात सायरन होतो, कारण त्यावरून सुटणारं क्षेपणास्त्र कुठेही पोचू शकतं. मग शेजारी एकमेकांना सांगतात, ‘मिग उडालंय,’ आणि पुन्हा वाफ्यातल्या तणाकडे वळतात. शाळेत मात्र ही सवलत नाही. बाई मुलांची रांग करतात, पाढे आणि डबे तळघरात जातात आणि गणिताचा तास तिथे पुढे चालू होतो.

मार्शरूत्कात, म्हणजे इथल्या छोट्या बसमध्ये, मागच्या बाजूला उभे असलात तर पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे. ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे त्याच वाटेने परत येतात. माझ्या भावाला हे अजून खरं वाटत नाही.

विजेचं तुम्ही नेहमी विचारता. ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बऱ्याच हिवाळ्यांत वीज वेळापत्रकाने येते. घरांचे गट पाडलेत, आपल्या गटाची वेळ फोनवर कळते. मला पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायचं असतं, म्हणून माझा दिवस त्या वेळापत्रकावर बेतलेला असतो. पहाटे वीज असेल तर कणीक, कपडे आणि ईमेल सगळं पहाटे. घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर विजेशिवाय चालत नाही, हे आम्हाला त्या पहिल्या हिवाळ्यात कळलं. सासूबाई इटलीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला बरीच वर्षं होत्या. इथल्या अर्ध्या घरांच्या भिंती अशाच कुणाच्या तरी इटलीतल्या नाहीतर पोलंडमधल्या पैशांवर उभ्या आहेत. बॉयलर त्यांच्याच पैशांचा. पण सासऱ्यांची जुनी लाकडाची भट्टी त्यांनी पाडू दिली नव्हती. त्या हिवाळ्यात आम्ही चौघं त्या एका खोलीत झोपलो, आणि सासूबाईंनी वसंत येईपर्यंत ‘मी सांगत होते’ हे वाक्य वापरून घेतलं.

तर असं राहतो. ‘म्हणजे सुरक्षितच आहात की,’ असं कुणी म्हणालं की मात्र माझं डोकं फिरतं. युद्धाच्या पहिल्याच पहाटे आमच्या गावचा लष्करी विमानतळ क्षेपणास्त्रांनी हादरला होता. ११ ऑगस्ट २०२३ ला आमच्याच तालुक्यात आठ वर्षांचा एक मुलगा क्षेपणास्त्राने गेला. आणि कुणी म्हणालं, ‘बाई गं, नरकात राहतेस,’ तर मी लगेच मशरूम, चेरी आणि नदीकाठ यांचं पुराण लावते. दोन्हीकडून भांडते, हे कबूल.

आता जे मी फोनवर सांगत नाही ते.

माझा नवरा रेल्वेत आहे. रेल्वेच्या कामगारांना ‘ब्रोन’ मिळतं. म्हणजे तुमचं काम इथे जास्त गरजेचं आहे, तेव्हा अमुक तारखेपर्यंत सैन्यात बोलावणार नाही, असा कागद. आमच्या गल्लीत असा कागद असलेली घरं थोडीच आहेत. बाकीच्या घरांतून कुणी ना कुणी गेलेलं आहे. समोरच्या काकूंचा मुलगाही गेला होता.

आमचा बॉयलर त्यानेच बसवलेला. चहा नको नको म्हणत माझा मसाल्याचा चहा दोन कप प्याला आणि विचारलं, यात मिरी का, घरात कुणाला सर्दी झालीये का? इथे मिरी सर्दीवर घेतात. पुढे कधी दुरुस्तीला आला की स्वतःच म्हणायचा, ‘तो सर्दीचा चहा कर.’

त्याला नोव्हेंबरात आणलं. गाडी कधी येणार, कुठल्या रस्त्याने येणार, हे नगरपालिका आदल्या दिवशी जाहीर करते. मी सकाळी फुलं घ्यायला गेले. इथे वाढदिवसाला, शिक्षिकेला, पाहुण्याला नेहमी विषम फुलं देतात. सम संख्या फक्त मेलेल्या माणसाला. मी ‘चार’ म्हणाले आणि फुलवालीने पुढे काही न विचारता काळी फीत काढली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. किराणा दुकानातली कॅशियर एप्रनवर कोट घालून आली होती, शाळेचे वर्ग आले होते. काठीवाल्या आजीबाई होत्या. माझ्या नवऱ्याच्या वयाचे पुरुष मोजकेच, त्यातले काही गणवेशात, एक कुबड्यांवर. पुढे पोलिसांची गाडी, मागे ती गाडी, चालत्या माणसाच्या वेगाने. गाडी जवळ आली की सगळे गुडघ्यांवर बसतात. फरशी ओली होती. एकदा खाली बसलो की कुणाच्या तरी आधाराशिवाय उठता येणार नाही, हे ठाऊक असलेल्या आजीबाईही बसल्या. पूर्वी अशा वेळी मी मागे सरकायची, मी यांची कोण, असं वाटून. त्या दिवशी तसं वाटलं नाही, कारण तो खरोखरच माझ्या ओळखीचा होता.

नवरा ड्यूटीवर होता. दफन झाल्यावर जेवण असतं. मी ताटं उचलायला, भांडी विसळायला थांबले. काकू स्वयंपाकघरात आल्या, एक डबा घेतला आणि त्यात कोबीच्या पानात भात भरून केलेले होलुब्त्सी भरायला लागल्या. माझ्याकडे न बघता विचारलं, ‘तुझा घरी आहे का?’

मी म्हणाले, ‘नाही, ड्यूटीवर आहे.’

‘म्हणजे रात्री येईल,’ त्या म्हणाल्या. आणखी दोन टाकले, झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला.

एवढंच झालं. पण ‘रात्री येईल’ हे वाक्य मी सोलून सोलून बघितलंय. नवरा म्हणतो, त्यांना डब्यात किती घालायचे ते कळायला हवं होतं, बस. सासूबाई म्हणतात, टोमणाच होता, आणि तो मारायचा त्यांना हक्क आहे. मला वाटतं दोन्ही असेल. किंवा त्या दिवशी त्या आपण काय बोलतोय हे ऐकतही नसतील. विचारायची माझी हिंमत नाही. मे महिन्यात बटाटे लावताना त्या आमच्या वाफ्यात आल्या, आम्ही त्यांच्या वाफ्यात गेलो, नेहमीसारखंच. रोज सकाळी नऊला देशभर एक मिनिट स्तब्धता असते. त्या वेळी त्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात, मी माझ्या फाटकाशी. मग त्या मान हलवतात आणि आत जातात.

त्यानंतर मी नवऱ्याचे शर्ट मागच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घालायला लागले. पुढची दोरी काकूंच्या खिडकीसमोर येते. मी कुणाला काही बोलले नव्हते. एका रविवारी त्याने बादली उचलली आणि सगळे शर्ट पुढच्या दोरीवर नेऊन टांगले. त्यावरून आमचं जे भांडण झालं तसं लग्नानंतर कधी झालं नव्हतं. तो म्हणाला, मी काही चोरी केलेली नाही, पाळ्या करतो, जखमींच्या गाड्याही आम्हीच पुढे काढतो. मी म्हणाले, तसं कुणी म्हटलं का? तो म्हणाला, तू म्हणतेयस, दोरीवर.

अजून पक्कं काही ठरलेलं नाही. कधी पुढे, कधी मागे, ज्याच्या हातात बादली असेल त्याच्या मनावर.

तर सांगा, ‘मुद्दाम राहतेस का तिथे?’ असं तुम्ही विचारता तेव्हा यातलं काय सांगायचं?

बरं, युद्धाच्या आधीची मी तुमच्याच बाजूची होते. या गावात रात्री आठनंतर काही घडत नाही, आठ महिने कोट अंगावरून उतरत नाही, आपण पोलंडला जाऊ, तुझी बहीण नाही का गेली, असं मी त्याच्या कानीकपाळी ओरडत होते. तो नको म्हणत राहिला. त्याला डेपो सोडवत नव्हता, आईला सोडवत नव्हतं. ती जुनी मी अजून अधूनमधून येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहते, सासूबाईंचंच वाक्य म्हणते: मी सांगत होते. तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. २०२१ मध्ये गेलो असतो तर आज तो सीमेच्या पलीकडे असता, आणि मी वॉर्सातल्या कुठल्या तरी फ्लॅटमध्ये बसून कोलोमियाला फोन लावून विचारलं असतं, कसे राहता तिथे?

मार्च २०२२ मध्ये मुलीला घेऊन रोमानियामार्गे सांगलीला आले, तेव्हा तुम्ही किती केलंत, ते मी विसरलेले नाही. शाळा शोधलीत, ताटात रोज काहीतरी वेगळं वाढलंत. कुणी वावगं बोललं नाही. पण त्या महिन्यांत मी सगळ्यांत जास्त वेळ फोनकडे बघत होते. मुलगी रोज झोपताना बाबाला एकच प्रश्न विचारायची, आज पाळी कुठली? शरद ऋतू लागता लागता आम्ही परतलो. ‘स्वतःच्या हट्टापायी लेकराला घेऊन गेली,’ असं कुणीतरी म्हणालं, ते माझ्यापर्यंत पोचलं. ते वाक्य खोटं आहे असं सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. मुलगी इथे खूष आहे, हे सांगता येईल. तळघरात तिची रंगपेटी आहे, हे वर सांगितलंच आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि कुठल्या बाजूला वजन जास्त, हे मला रोज वेगळं वाटतं.

धाडस वगैरे म्हणू नका, एवढं मात्र ऐका. धाडसी माणसं या गावात कोण आहेत ते मला माहीत आहे. त्यांचे फोटो मुख्य चौकात लावलेले असतात, आणि नवा लागला की मी रस्ता बदलून जाते.

नवऱ्याच्या ब्रोनची मुदत फेब्रुवारीत संपते. वाढवून मिळेल असं त्याच्या ऑफिसात म्हणतात, पण हातात कागद येईपर्यंत काही खरं नाही. आम्हा दोघींची सुट्टीतली तिकिटं त्याआधी काढायची की कागद आल्यावर, यावर घरात सध्या जुंपलेली आहे. तो म्हणतो आधी काढा, मी म्हणते नंतर. विमानं इथून उडत नाहीत, वाटेतल्या देशाचा व्हिसा माझ्या पासपोर्टवर लागतो, त्यालाच वेळ जातो. तारीख ठरली की मीच कळवेन. आई, तोवर तू यात पडू नकोस, आणि त्या शेजारच्या बाईंनाही सांग.