तिसऱ्या ओळीतलं नाव

आमचा कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या शेजारी. कराडला वकिलांची टायपिंगची कामं मी बारा वर्षं घरूनच करते. त्याच कॉम्प्युटरवर मुलाचे प्रोजेक्ट होतात आणि आळीतल्यांची लाइटबिलंही तिथेच छापली जातात.

गेल्या महिन्यात शेजारचे काका पेन ड्राइव्ह घेऊन आले. मी फाइल एक्सप्लोरर, म्हणजे फायली-फोल्डर बघायची खिडकी, उघडला. विंडोज १० मध्ये तो उघडला की खालीच अलीकडच्या वीस फायलींची यादी येते. तिसऱ्या ओळीत एका बाईचं नाव होतं, आडनावासकट, आणि पुढे '१३ ब'. काकांची नोकरी सरकारी कचेरीत झालेली. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब म्हणजे परस्पर संमतीनं घटस्फोट, हे त्यांना वेगळं सांगायला नको. बिल छापून घेऊन ते गेले.

चार दिवसांनी ती आली. चप्पलही न काढता दारातच उभी राहिली. "ताई, मी अजून आईलासुद्धा सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाली.

फाइल मी कुणाला दाखवली नव्हती, कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. पण नाव गेलं ते माझ्याच घरातून. ते मला अजून लागून राहिलंय.

त्या रात्री सगळं आवरून कॉम्प्युटरपुढे बसले. मी शिकले तेव्हा विंडोज ९५ होतं. त्यात स्टार्ट मेनूत 'डॉक्युमेंट्स' म्हणून शेवटच्या पंधरा फायली दिसायच्या, विंडोजची फायलींची यादी ती एवढीच. आता ठिकठिकाणी याद्या आहेत. एक्सप्लोररची बंद करायला व्ह्यू, मग ऑप्शन्स. तिथे पहिल्याच पानावर तळाला 'प्रायव्हसी' लिहिलंय. दोन्ही चौकटींतल्या खुणा काढून टाकल्या, 'क्लिअर' दाबलं. खालच्या पट्टीवर वर्डच्या चित्रावर राइट क्लिक केलं की वर येणारी यादी वेगळी. ती विंडोज ७ पासून आहे आणि बंद होते सेटिंग्जमध्ये, पर्सनलायझेशनच्या 'स्टार्ट'मधून.

एवढं करून वर्ड उघडलं तर तिचं नाव तिथे होतंच. वर्ड स्वतःची यादी स्वतः ठेवतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, त्यात 'डिस्प्ले'खाली रिसेंट डॉक्युमेंट्सचा आकडा पन्नास होता, तो शून्य केला. पीडीएफच्या प्रोग्रामची यादी आणखी निराळी, ती तिथे जाऊन पुसावी लागली.

यादीतलं नाव पुसलं तर फाइलच जाईल, या भीतीनं थांबू नका. यादीत असते ती नुसती पाटी, मूळ कागद जागच्या जागी राहतो. पण म्हणूनच नुसती यादी पुसून भागत नाही. सर्चमध्ये दोन अक्षरं टाकली की फाइल समोर हजर. त्यासाठी मुलाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना एक वेगळं अकाउंट काढलं, 'स्टँडर्ड' प्रकारचं. ॲडमिनिस्ट्रेटर दिलं असतं तर माझे फोल्डर त्यातूनही उघडता आले असते. माझ्या अकाउंटला पासवर्ड घातला. उठताना विंडोजचं बटण आणि 'एल' दाबून पडदा लॉक करायची सवय आता बोटांना झालीय. दुधाची पिशवी घ्यायला दारापर्यंत जायचं असलं तरी दाबते.

आणि फायलींना माणसांची नावं देणं बंद केलं. प्रत्येक कामाला नंबर, आणि नंबरापुढचं नाव कपाटातल्या वहीत, हातानं लिहिलेलं. वकीलसाहेबांना सुरुवातीला हे गैरसोयीचं वाटलं. मी ऐकलं नाही.

तिचं काम दुसऱ्या कुणाकडे जाईल असं धरून चालले होते. पण परवा ती आली, एका पानावर दुरुस्ती होती. मुलाचे दोन मित्र सोफ्यावर बसले होते. मी माझ्या अकाउंटमध्ये गेले, वही उघडून नंबर बघितला, १४७ उघडली, पान छापलं. ती सगळा वेळ पडद्याकडे बघत उभी होती. मग पान घडी करून तिनं पर्समध्ये ठेवलं आणि या वेळी पाच मिनिटं बसली, चहा घेऊन गेली.