शिंजीर, आठवडा सहावा : बेस इतका काळा नकोच होता

क्रिटा या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिंजीर पक्ष्याचं चित्र रंगवतेय, त्याचा हा सहावा आठवडा. चमक आली! गळ्यावर, नखाएवढ्या जागेत, पण आली. मागच्या वेळी चित्र दाखवलं तेव्हा तुम्ही ज्याला ‘प्लॅस्टिकचा भुंगा’ म्हणालात तो आता निदान पक्षी दिसतोय.

फांदी आणि पांगाऱ्याची फुलं दोन रविवारांतच उरकली होती. बाकीचे दिवस या १० सेंटीमीटरच्या जांभळ्या शिंजीराच्या गळ्याने खाल्ले. विणीच्या पिसाऱ्यातला नर सावलीत नुसता कोळसा. मान वळवली की जांभळा, अजून जराशी वळवली की निळा. तो रंग पिसांतल्या सूक्ष्म थरांवर प्रकाश खेळल्यामुळे दिसतो. मी मात्र वरून निळा फासत बसले होते, मग भुंगा होणारच.

म्हणून कलर डॉजचा, म्हणजे चित्र उजळवणारा, लेयर (वरचा थर) चढवला. मळकट जांभळा फिरवला, काहीच उमटेना. ओपॅसिटी (थराची अपारदर्शकता) १००, तरी नाही. लेयर लॉक तपासला, अल्फा (पारदर्शक जागेचं कुलूप) तपासला, ब्रश तीनदा बदलला. मग टॅब्लेटच्या पेनच्या निबवर संशय. (ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त निब्ज पंधरा दिवसांत तिरक्या झिजल्या. तिथून पुन्हा घेणार नाही.) रात्री एकच्या सुमारास सहज आयड्रॉपर (रंगाचे आकडे दाखवणारं साधन) लावला आणि कपाळावर हात मारला. बेस, म्हणजे सगळ्यात खालचा रंग, चक्क ०, ०, ०, पूर्ण काळा! डॉज खालचाच रंग पटीने उजळवतो, आणि शून्याची पट शून्यच.

खरी गंमत त्याच्या पुढे. खालचाच रंग उजळणार असेल तर जांभळा वरून द्यायचाच कशाला? बेस नव्याने भरला : गळ्याला जांभळट काळा, खांद्याला निळसर काळा, छातीच्या पट्ट्याला तपकिरी काळा. सगळे इतके गडद की नजरेला एकच काळा दिसावा. वरच्या डॉजमध्ये फक्त राखाडी, साध्या गोल ब्रशने, कडा कडक ठेवून. जिथे टेकवला तिथे आतला रंग आपोआप वर आला. पाच-सहा ठिपके मारले आणि उठून चहा करून आले, परत बघायला मजा यावी म्हणून.

पिसांचे तयार ब्रश-पॅक सुचवणाऱ्यांनो, माफ करा. त्यांनी पक्षी रंगत नाही, त्याला स्वेटर चढतो.

आता नवं दुखणं. ८० टक्के उजळ राखाडी म्हणजे जवळजवळ पाचपट उजळणं. माझी फाइल ८ बिटची, तिच्यात गडद रंगाच्या मोजक्याच पायऱ्या असतात, त्याही पाचपट ताणल्या गेल्या आणि गळ्यावर कांद्याच्या चकतीसारखी वलयं उमटली. क्रिटामध्ये १६ बिट (जास्त बारीक पायऱ्या) करता येतं, पण ५००० बाय ४००० पिक्सेलच्या कॅनव्हासवर पूर्ण भरलेला एक लेयर १६० एमबीवर जातो. माझा ८ जीबीचा लॅपटॉप विमानासारखा घोंघावायला लागला. शिवाय आधी रंगवलेली वलयं १६ बिट करून पुसली जात नाहीतच, बेस पुन्हा घोळवावा लागतो.

कॅनव्हास निम्मा करणार होते. पण लिहिता लिहिता सुचलं, अख्खं चित्र कशाला? फक्त गळा-छाती कापून वेगळ्या १६ बिट फाइलमध्ये न्यायची, बेसवर किंचित नॉइज (बारीक दाणे) टाकायचा, डॉज तिथेच मर्ज (खालच्या थरात एकजीव) करून तयार तुकडा परत आणायचा. एकदा उजळून झालं की ८ बिटला हरकत नाही. आज रात्री तेच.

फक्त गळा चमकल्यापासून पांगाऱ्याचा लाल फिका वाटायला लागलाय. त्याच्याकडे आत्ता बघतच नाही.