झोपलेला दगड

आमच्या साईटवर नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात ओळंबा देतो, म्हणजे भिंत उभ्या रेषेत सरळ आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन. नीट धरता आला तर गवंड्याच्या हाताखाली, नाहीतर घमेलं. वीस वर्षं साईटवर काढल्यावर असले दोन-चार नियम माणसाजवळ जमतात. २०१८ च्या फेब्रुवारीत नेपाळातल्या एका डोंगरावर मी रचलेल्या भिंतीला एका बाईनं ओळंबा लावला. भिंत सरळ होती. तिनं दोरी गुंडाळली, ओळंबा खिशात टाकला आणि म्हणाली, "यो गारो भत्काउनुपर्छ."

मला त्यातला 'गारो' तेवढा कळला, आणि तोही चुकीचा. आपल्याकडं गारा म्हणजे कालवलेली माती. मला वाटलं, गारा पातळ झालाय म्हणत असेल. मी मान हलवून माती वाढवायला निघालो तर बाकीचे हसायला लागले. नेपाळीत गारो म्हणजे भिंत. आणि भत्काउनु म्हणजे पाडणं.

तर आधी तिथं कसा पोचलो ते सांगतो. मी डिप्लोमा सिव्हिल, कोल्हापूरच्या पाचगाव-कळंबा भागात बंगले आणि छोट्या अपार्टमेंटच्या साईट बघतो. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणारा आमचा एक ग्रुप आहे. त्यातल्या बँकेतल्या मित्राची नेपाळमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेत ओळख होती. भूकंपात पडलेली घरं बांधायला माणसं हवी आहेत, राहण्या-जेवणाची सोय गावात होईल, प्रवास आपापला. आम्ही अकरा जण निघालो. दोन शिक्षक, बँकवाला, उद्यमनगरात फौंड्री असलेला एक जण, बाकी कॉलेजची पोरं. बांधकामातला मी एकटाच. त्यामुळं पुण्यात गोरखपूरच्या गाडीत बसल्यापासूनच मला सगळे 'साहेब' म्हणायला लागले होते. चेष्टेनं म्हणत होते, पण मला ते आवडत होतं, हे कबूल करतो.

गोरखपूर, सोनौलीची सीमा, मग मुग्लिंगवरून गोरखा. रात्री शिट्टी मारत फिरणाऱ्याला आपण 'गुरखा' म्हणतो, तो शब्द या गोरखाचा, हे बस गोरखा बाजारात थांबल्यावर माझ्या डोक्यात आलं. पंचेचाळिसाव्या वर्षी. तिथून जीपनं आणि पुढं पायी. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप याच जिल्ह्यातल्या बारपाकजवळ झाला. देशभरात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. वार शनिवार होता, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं कमी. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते, म्हणून शाळा पडल्या पण पोरं आत नव्हती. आमच्याबरोबरचे शिक्षक त्यावर बराच वेळ गप्प बसले होते.

आमच्या वाट्याला आलं ते एका म्हाताऱ्या बाईचं घर. तिला सगळे आमा म्हणायचे, म्हणजे आई. भूकंपात तिची सासू आणि दोन शेळ्या गेल्या होत्या. हे तिनं पहिल्याच दिवशी चहा देता देता सांगितलं, शेळ्यांचा रंगसुद्धा सांगितला. तीन वर्षं ती पत्र्याच्या खोपटात राहत होती. सरकार घराला तीन लाख देत होतं, नेपाळी रुपये, म्हणजे आपले एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. तेही तीन हप्त्यांत: आधी पन्नास हजार, पाया-जोतं झालं की दीड लाख, भिंती वरच्या पट्टीपर्यंत गेल्या की शेवटचे एक लाख. प्रत्येक वेळी इंजिनियर येऊन बघणार, मगच पैसे. आमा दुसरा हप्ता संपवून तिसऱ्याची वाट बघत होती, आणि भिंत छातीपर्यंत आली होती.

आणि गवंडी होती ती बाई. तिकडं गवंड्याला डकर्मी म्हणतात. तिशीतली असेल. भूकंपानंतर गवंडी मिळेनात, कारण कमावते बाप्ये बरेचसे आखातात, म्हणून बायकांनाही प्रशिक्षण दिलं होतं, त्यातली ही एक. नवरा कतारला, तोही बांधकामावरच. म्हणजे हा गडी पोटासाठी परदेशात लोकांची घरं बांधतोय, आणि आम्ही अकरा जण रजा टाकून त्याच्या गावात फुकट घर बांधायला आलोय. मी हे तिला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, गंमत म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, तुमच्याकडं काम आहे ना, मग त्याला तिकडंच लावा की. मी विषय बदलला.

तिला आम्ही दिदी म्हणायचो, ती मला दाइ, म्हणजे दादा. पहिले तीन दिवस तिनं आम्हाला फक्त दगड वाहायला लावले. पडलेल्या घराचे दगड ढिगातून निवडायचे आणि पाठीवरच्या डोकोत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, आणायचे. डोकोचा पट्टा कपाळावर घ्यायचा असतो, त्याला नाम्लो म्हणतात. फौंड्रीवाला दुसऱ्या दिवशी मान धरून बसला. आमा त्याच्या दीडपट ओझं घेऊन चढण चढायची आणि वर पोचल्यावर त्याच्यासाठी पाणी घेऊन खाली यायची. शेजारपाजारचे लोकही कामाला येत होते. आज यांच्याकडं, उद्या त्यांच्याकडं, पैसे नाहीत, दिवसाला दिवस. त्याला ते पर्म म्हणतात. मी म्हटलं, हा तर आमचा पैरा! शेतात आम्ही टोकणीला, भांगलणीला करतो तो. फक्त आम्ही पैऱ्यानं घर बांधताना मी तरी बघितलेलं नाही.

चौथ्या दिवशी दिदी खालच्या वाडीत दुसऱ्या घराच्या कामाला गेली. जाताना मागच्या भिंतीचा तुकडा दाखवून म्हणाली, दगड जमवून ठेवा, मी उद्या दुपारी येते. आता मला राहवेना. वीस वर्षांचा अनुभव, समोर दगड, माती कालवलेली, दहा जण हात बांधून उभे. मी दोरी लावली. दोन पोरं हाताशी घेतली आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन फूट भिंत उचलली. दगडाची तोंडं एका रेषेत, सांधे मोडलेले, म्हणजे एकावर एक न आलेले. बँकवाल्यानं फोटो काढून कोल्हापूरला पाठवले. घरून 'नाद खुळा' असा मेसेज आला.

दिदी आली, ओळंबा लावला आणि ते 'गारो' प्रकरण झालं.

मी विचारलं, का? तिनं उत्तर दिलं नाही. ढिगाजवळ एका बाजूला आमानं वेगळे रचून ठेवलेले लांब दगड होते, तिथं गेली. तिथं आता दोनच दगड उरले होते. ती परत आली आणि माझ्या भिंतीत ते लांब दगड एकेक करून हातानं दाखवायला लागली. मी ते सगळे भिंतीच्या लांबीत घातले होते. एका दगडात दोन दगडांची जागा भरते, काम उरकतं, दिसतंही छान. ती म्हणाली, "दाइ, ये सब सोया हुआ है. इसको अंदर जाना था."

आणि मला घाम फुटला. कारण हे मला माहीत होतं. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर डिप्लोमाला आम्हाला हेच शिकवलं होतं. दगड-मातीची जाड भिंत दिसते एक, पण असते दोन. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मधे कपच्या आणि माती भरलेली. जमीन हलली की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि वरचं छप्पर घेऊन खाली बसतात. म्हणून दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर एक दगड भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जायला पाहिजे. आमच्याकडं गवंडी त्याला हेडर म्हणतात. परीक्षेत या प्रश्नाला आकृती काढून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. नंतरची वीस वर्षं सगळी कॉलम-बीमची कामं. तिथं भिंत म्हणजे नुसता पडदा, दगडाचा संबंध फक्त कंपाउंडला. हातानं कधी एक हेडर बसवला नव्हता.

तरी मी लगेच कबूल झालो नाही. इथं मला माझीच लाज वाटते, पण झालं ते सांगतो. मी म्हणालो, तीन फूट काम आहे, उद्या इंजिनियर येणार, म्हातारीचा हप्ता अडकेल. वरच्या थरात हेडर घालू. बाहेरून त्याला आतलं काय दिसणार?

हे वाक्य मी कोल्हापुरात किती वेळा बोललोय, मोजलेलं नाही. प्लास्टरच्या आत काय दिसणार, फरशीच्या खाली काय दिसणार.

दिदीनं ते आमाला नेपाळीत सांगितलं. आमा मोठ्यानं हसली. बराच वेळ हसली, तोंडावर पदर घेऊन. मग पुढं आली, वरच्या थरातला एक दगड उचलला आणि खाली ठेवला. मग दुसरा. तिसरा उचलला तेव्हा शिक्षकांपैकी एकानं तो तिच्या हातातून घेतला, आणि मग सगळेच लागले. दीड दिवसाची भिंत तासाभरात खाली. पाडताना बघितलं तर दिदीचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बाहेरची रांग ढकलली तर आतली जागची हलली नाही. दोघींची एकमेकींशी ओळखच नव्हती.

पुढचं काम दिदीनं माझ्याकडूनच करून घेतलं. ती बसून राहिली आणि मी दगड लावले. प्रत्येक हेडर बसला की दोन्ही तोंडांवर गेरूचा ठिपका द्यायची, म्हणजे बाहेरून बघणाऱ्यालाही मोजता यावेत. लांब दगड कमी पडले तिथं लाकडाचे तुकडे आरपार घातले. सरळपणाच्या बाबतीत मात्र तिनं मला एकदाही टोकलं नाही, तेवढं माझं राहिलं. संध्याकाळी हात सुजले होते. आमानं भातावर डाळ वाढली, बरोबर आम्ही नेलेली कांदा-लसूण चटणी घेतली. कोल्हापूरची चटणी बाहेरच्याला झेपत नाही हा आमचा आणखी एक नियम. तिनं चमचाभर खाऊन परत वाटी पुढं केली.

इंजिनियर दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आला तेव्हा आम्ही परतीच्या बसमध्ये होतो. हप्ता मंजूर झाल्याचं संस्थेच्या माणसानं नंतर कळवलं.

परतताना गोरखपूरच्या स्टेशनवर मी तिकिटाच्या पाठीमागं हिशेब केला. माणशी नऊ हजार धरले तर अकरा जणांचे नव्व्याण्णव हजार. दिदीची हजेरी अकराशे नेपाळी होती. आमच्या प्रवासखर्चात ती साडेचार महिन्यांच्या वर राबली असती आणि आमचा दीड दिवस वाया गेला नसता. हे ग्रुपमध्ये बोललो तर पोरं नाराज झाली. शिक्षक म्हणाले, मग तू शिकला असतास का? मी म्हटलं, माझ्या शिकण्याचे पैसे आमाच्या घरानं का द्यावेत? त्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. दर पन्हाळ्याला निघतो.

कळंब्याच्या साईटवर परत आलो तेव्हा गिलाव्याचं काम चालू होतं. एक आक्का आमच्याकडं आठ वर्षं घमेलं उचलत होती. आणि पहिल्यांदाच मला दिसलं की गवंडी माल मागायच्या आधी ती योग्य तेवढा माल घेऊन उभी असते. कुठं पोकळ वाजतंय तेही तीच आधी सांगते. तिच्या हातात मी कधी ओळंबा दिला नव्हता. पोरांना देतो, बायकांना द्यायचा विचारच आला नव्हता. मी विचारलं, "आक्का, थापी घेणार का?"

गवंडी हसले. तिनं घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "गवंड्याची हजेरी देणार काय, सायेब?"

गवंड्याची सातशे, तिची साडेतीनशे. मी म्हटलं, मालकाला विचारतो. मालक म्हणाले, पाठीमागच्या भिंतीवर करू दे, बघू, शंभर वाढवून देऊ. पाठीमागची भिंत तिनं आठ दिवसांत केली. गवंड्यांनी पट्टी लावून बघितली, काही बोलले नाहीत. शंभरचे पुढं सातशे काही झाले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही, आणि चार महिन्यांनी ती दुसऱ्या एका ठेकेदाराकडं गेली.

मध्ये एकदा तिचा फोन आला. लक्ष्मीपुरीत दुकानात उभी होती. ओळंबा घ्यायचा होता स्वतःचा, पितळेचा घेऊ का लोखंडाचा, विचारत होती. मी म्हटलं, पितळेचा घ्या आक्का, गंजत नाही.

पलीकडं ती दुकानदाराशी काहीतरी बोलली. मग मला म्हणाली, "नको सायेब, लोखंडाचाच घेते. पितळंचा साईटीवर चोरीला जातोय."