मावळतीच्या आत

मोटारसायकलच्या जाहिरातीत रस्ता नेहमी रिकामा असतो, चालक एकटा असतो आणि त्याच्याजवळ सामान म्हणून काहीही नसते. मागच्या सीटवर बायको, तिच्या पाठीशी बांधलेला तंबू, दोन्ही बाजूंना खच्चून भरलेल्या पेट्या आणि त्यांतल्या एकीवर वाळत घातलेला पंचा, असे दृश्य कोणत्याही कंपनीने दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे शनिवार-रविवारला लागून सुट्टी आली की आम्ही दोघे मेलबर्नहून मोटारसायकलवर निघतो आणि रानात तंबू ठोकून राहतो, असे सांगितले की ऐकणाऱ्याला आमच्या स्वच्छंदीपणाचा हेवा वाटू लागतो. वस्तुस्थिती अशी आहे की आमच्या संसारात याहून हिशेबी काळ दुसरा नाही. किलो, लिटर, किलोमीटर आणि उजेड यांचा ताळा सतत जमवत राहावे लागते, आणि तो दोघांनी मिळून जमवावा लागतो. मला ही भटकंती आवडते ती या हिशेबासकट. किंबहुना बरीचशी या हिशेबामुळेच.

गाडी आहे रॉयल एनफिल्डची हिमालयन, ४११ सीसीची. चेन्नईच्या परिसरात तयार होऊन समुद्रमार्गे इथवर आलेली ही गाडी सोशिक आहे, परंतु तिच्या इंजिनात जेमतेम २४ अश्वशक्ती आहे. गाडीच्या पुस्तिकेत कमाल भाराचा जो आकडा दिलेला असतो, त्यातला मोठा वाटा दोन माणसे, दोन हेल्मेटे, जाड जाकिटे आणि बूट यांनीच खाल्लेला असतो. उरलेल्यात तंबू, झोपायच्या पिशव्या, फुगवायच्या गाद्या, गॅसची छोटी शेगडी, टायर पंक्चर झाल्यास लागणारी हत्यारे आणि पाणी बसवायचे. पाणी हा सर्वांत निष्ठुर हिशेब आहे, कारण एक लिटर म्हणजे एक किलो यात घासाघीस होत नाही, आणि आडवाटेच्या तळावर पिण्याचे पाणी मिळेलच याची खात्री नसते. म्हणून आमच्या स्वयंपाकाची निवड चवीवर न होता पाण्यावर आणि शिजण्याच्या वेळेवर होते. भाजलेला रवा येतो, मुगाची डाळ येते, भाजणी येते, मेतकूट तर हक्काने येते. छोले आणि राजमा घरी राहतात. छोटा प्रेशर कुकर न्यावा की नाही याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. कुकरने गॅस वाचतो, हे माझे म्हणणे. वाचलेल्या गॅसपेक्षा कुकरचे वजन जास्त भरते, हे नवऱ्याचे. त्याने एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही वस्तू ठेवून आपला मुद्दा सिद्ध केला, पण सिद्ध झालेला मुद्दा पटलाच पाहिजे असे संसारात बंधन नसते.

सामान भरून झाले की मागच्या सस्पेन्शनचा ताण वाढवायचा, टायरमध्ये दोन माणसांच्या भाराला लागेल तितकी हवा भरायची आणि तंबूची वळकटी इलॅस्टिकच्या आकडेवाल्या दोरीने आवळायची. या दोरीला इथे सगळे ‘ऑकी स्ट्रॅप’ म्हणतात. आकडा निसटला तर ती थेट डोळ्यावर येते, म्हणून ती ताणताना तोंड बाजूला करावे, हे इथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आम्हाला आवर्जून शिकवले.

आम्हाला सर्वांत जवळची वाटणारी वाट म्हणजे काल्डर हायवे. तो मेलबर्नहून वायव्येला निघतो, सोन्याच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या बेंडिगोपर्यंत बराचसा रुंद आणि वेगवान असतो, आणि पुढे वेडरबर्न, चार्लटन, वायचेप्रूफ अशी गावे ओलांडत मॅली नावाच्या सपाट गव्हाळ मुलुखात शिरतो. वायचेप्रूफच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध रेल्वेचा रूळ आहे आणि धान्याची मालगाडी दुकानांच्या समोरून जाते. गावाला लागून माउंट वायचेप्रूफ नावाचा एक ‘पर्वत’ही आहे. तो भोवतालच्या मैदानापासून ४३ मीटर उंच असून जगातला सर्वांत छोटा नोंदणीकृत पर्वत असल्याचा गावाचा दावा आहे. पुण्याची पर्वती चढलेल्या माणसाने या विषयावर मौन पाळणे बरे.

चालकाला रस्ता पाहावा लागतो; बाजू पाहण्याचे काम मागे बसणाऱ्याचे. बहुतेकांना वाटते की मागची सीट ही दुय्यम जागा आहे. मला ती या गाडीवरची सर्वांत चांगली जागा वाटते. गहू काढून झालेल्या शेतांची पिवळी खुंटे, क्षितिजावर अर्धा तास आधीपासून दिसू लागणारे धान्याचे कोठार, ट्रकमधून सांडलेले दाणे टिपायला रस्त्याच्या कडेला उतरलेले गुलाबी-करडे गला पक्षी, प्रत्येक गावातले महायुद्धात गेलेल्यांचे स्मारक आणि फुटबॉलचे मैदान, हे सारे मी पाहते आणि त्यातले निवडक हेल्मेटमधल्या इंटरकॉमवरून पुढे कळवते. मात्र मागे बसणे हे नुसते बसणे नव्हे. वळणावर त्याच्याबरोबर तेवढेच कलायचे, ब्रेक लागताना अंग सैल सोडायचे नाही, आणि समोरून दोन ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक आला की त्याच्या वाऱ्याचा धक्का बसण्याआधी गुडघे आवळायचे, हे शरीराने शिकावे लागते. इंटरकॉमवरची भाषाही हळूहळू आटत जाते. “ट्रक.” “पाहिला.” “थांबायचं?” “पुढच्या गावात.” घरी गृहकर्जाचे हप्ते आणि कोणाच्या वाढदिवसाला जायचे यावर तासन् तास बोलणारे आम्ही दोघे इथे मैलोन् मैल गप्प असतो, आणि त्या गप्प राहण्याला अबोल्याचा वास नसतो.

समोरून येणाऱ्या अनोळखी मोटारसायकलस्वाराला मात्र सलाम केल्याशिवाय जायचे नाही. इथे वाहने डावीकडून जातात. उजवा हात ॲक्सिलरेटरवर अडकलेला आणि मोकळा डावा हात समोरच्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणून हात हलवण्याऐवजी मान तिरकी झुकवायची पद्धत पडली आहे. गावाकडचे शेतकरी आपल्या गाडीच्या स्टिअरिंगवरून एकच बोट उचलतात. दोन्हींना उत्तर देण्याचे खाते माझ्याकडे आहे.

या सगळ्या प्रवासावर खरी सत्ता चालते ती कांगारूची. दिवसभर सावलीत पडून असलेला हा प्राणी संध्याकाळी आणि पहाटे चरायला निघतो. रस्त्याकडेला डांबरावरून वाहून आलेल्या पाण्यावर गवत हिरवे राहते, म्हणून तो नेमका तिथेच येतो, आणि गाडी जवळ आल्यावर कोणत्या दिशेला उडी मारेल याचा त्यालाही अंदाज नसतो. मोटारींना पुढे लोखंडी कठडे बसवलेले असतात. मोटारसायकलवाल्याचा कठडा म्हणजे तो स्वतः. त्यामुळे अनुभवी मंडळींचा एकच नियम आहे: दिवस मावळायच्या आत रस्ता सोडायचा. मेलबर्न ज्यात येते त्या व्हिक्टोरिया राज्यात एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, आणि कालपर्यंत सातला मावळणारा सूर्य आज सहाला मावळू लागतो. एप्रिल हा हवामानाच्या दृष्टीने उत्तम महिना असूनही त्याच्या खिशात उजेड थोडा असतो.

म्हणून आमचा दिवस उलटा आखला जातो. पाचला तंबू उभा असायला हवा, तर शेवटचे पेट्रोल कुठे भरायचे. तिथे पोहोचायचे तर बेकरीत किती वेळ बसायचे. बेकरी वगळणे शक्य नसते, कारण गावोगावच्या बेकऱ्यांत मिळणारी, करंजीसारखी भाजलेली, भाज्या भरलेली पेस्टी हा शाकाहारी माणसाचा आधार आहे, आणि व्हॅनिला स्लाइस नावाचा पिवळ्या कस्टर्डचा जाड चौकोन दोघांत एक घेऊन खाणे हा आमचा अलिखित करार आहे. उजेड कमी पडू लागला की काहीतरी सोडावे लागते. एखादे संग्रहालय, एखादा जुना पूल, “फक्त सहा किलोमीटर आत” असे सांगणारी तपकिरी पाटी. काय सोडायचे हे ठरवताना माणूस खरा कळतो. नवरा इतिहास सोडायला तयार असतो, पण पाणवठा सोडायला नाही. माझे नेमके उलटे आहे. घरात टीव्हीवर काय पाहायचे यावरून जे वाद रंगतात, ते इथे सूर्य मावळतीला असताना मिनिटभरात मिटतात.

तळावर पोहोचल्यावरही हिशेब संपत नाही. सी लेक या गावाच्या अलीकडे ग्रीन लेक नावाचे तळे आहे, तिथे राहता येते. नदी-तळ्याकाठी डेरेदार वृक्षाखालची जागा पाहून आपल्याकडच्या माणसाला लगेच पथारी पसरावीशी वाटते. पण निलगिरीच्या कुळातल्या मोठ्या वृक्षांच्या, विशेषतः रिव्हर रेड गमच्या, फांद्या वारा नसतानाही अचानक तुटून पडतात. म्हणून सावली सोडून उघड्यावर तंबू ठोकायचा. शेकोटीचे नियम तर पाठच करावे लागतात. ठरवून दिलेली चूल नसेल तर निदान तीस सेंटिमीटर खोल चर खणायचा, सभोवती तीन मीटरपर्यंत पालापाचोळा ठेवायचा नाही, जवळ कोणीतरी मोठे माणूस सतत हवे, आणि निघताना निखारे मातीने न झाकता पाण्याने विझवायचे, कारण मातीखाली ते तासन् तास धुमसत राहतात. संपूर्ण आगबंदीचा दिवस जाहीर झाला असेल तर शेकोटीचे नावच काढायचे नाही. ज्या राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी भडकलेल्या वणव्यांत १७३ माणसे गेली, तिथे हे नियम कोणाला जाचक वाटत नाहीत. परंतु शेकोटी विझवायला लागणारे पाणी म्हणजे आम्ही पाठीवर वाहून आणलेले तेच किलो. उद्या सकाळचा चहा की आजची शेकोटी, असा प्रश्न आला की चहा जिंकतो. परिणामी जाहिरातीतला तो तांबूस उजेडही आमच्या वाट्याला क्वचित येतो.

शेकोटी नसल्याचा फायदा म्हणजे डोळे अंधाराला लवकर सरावतात. सी लेकच्या उत्तरेला टिरेल हे व्हिक्टोरियातले सर्वांत मोठे खारे सरोवर आहे, आणि या भागात आकाश अडवायला डोंगर नाहीत, शहराचा उजेड नाही. ध्रुवतारा इथून दिसतच नाही. आपले मृग नक्षत्र पश्चिमेला डोके खाली करून कललेले असते. आणि पुण्यात हिवाळ्यात दक्षिणेच्या क्षितिजापासून थोडासाच वर येणारा अगस्ती इथे जवळजवळ डोक्यावर चढतो. या सरोवराच्या परिसरातल्या बूराँग लोकांना त्यांचे स्वतःचे आकाश होते. विल्यम स्टॅनब्रिज या वसाहतवाल्याने त्यांच्यातल्या दोघांकडून ते ऐकले आणि १८५७ मध्ये मेलबर्नच्या एका विद्वत्सभेत मांडले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. त्यांचा अगस्ती हा कावळा होता. त्यानेच आकाशातून पहिल्यांदा आग खाली आणून माणसांना दिली. आणि आपल्या अगस्तीला जशी लोपामुद्रा, तशी त्या कावळ्यालाही बायको होती. ती म्हणजे आज एटा कॅरिने म्हणून ओळखला जाणारा तारा. १८४३ च्या सुमारास तो भडकून व्याधाखालोखाल तेजस्वी झाला होता आणि नंतर मंदावत गेला. बूराँगांनी त्याला कावळ्याची बायको म्हणून दिलेले स्थान ही त्या घटनेची आदिवासी परंपरेतली दुर्मीळ नोंद असल्याचे खगोलशास्त्राचे अभ्यासक मानतात. आज ती जागा काळजीपूर्वक शोधावी लागते. नवरा दुर्बीण आणण्याच्या बाजूचा आहे; दुर्बिणीचे वजन मी काट्यावर पाहिलेले आहे.

पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला दव जमलेले असते आणि ओला तंबू कोरड्या तंबूपेक्षा जड भरतो, हा आणखी एक भुर्दंड. वेळ असेल तर परतताना थोडी वाकडी वाट करून ब्रिम या गावाला जातो. तिथल्या १९३९ च्या गव्हाच्या कोठारांवर गायडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने २०१६ च्या आरंभी चार शेतकरी रंगवले, आणि पाहता पाहता शेजारच्या गावांची कोठारेही रंगून सुमारे दोनशे किलोमीटरची एक चित्रवाट तयार झाली. चित्रातली माणसे कोण, हे मुद्दाम सांगितलेले नाही. चेहरे मात्र कुठल्याही कोरडवाहू गावच्या पारावर खपून जातील असे आहेत.

सासूबाईंना हे प्रकरण अजून उमगलेले नाही. “तिकडे लॉज मिळत नाहीत का गं?” असे त्या फोनवर दर वेळी काळजीने विचारतात, आणि मिळतात असे सांगितले की त्यांची काळजी वाढते.

अलीकडे मी स्वतः मोटारसायकलचा परवाना काढावा असा विषय घरात निघाला आहे. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले की शिकाऊ परवाना मिळतो आणि हिमालयन नवशिक्यांना चालवायला परवानगी असलेल्या गाड्यांत बसते. दोन गाड्या झाल्या तर भार विभागला जाईल, पाणी दुप्पट नेता येईल, शेकोटीही पेटेल आणि दुर्बिणीलासुद्धा कदाचित जागा होईल. परंतु मग गला पक्षी कोण पाहणार, आणि बोट उचलणाऱ्या शेतकऱ्याला उत्तर कोण देणार? त्याहून अवघड प्रश्न म्हणजे पुढे कोणी राहायचे. दोन गाड्यांतली हळू गाडी पुढे असावी असा समंजस संकेत आहे, पण आमच्यापैकी हळू कोण, यावर अद्याप एकमत झालेले नाही.