दुपारी अंगणवाडी सुटल्यावर तुम्ही करता काय?

हा प्रश्न मला एसटीत विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात. 4 डिसेंबर 2023 पासून आम्ही अंगणवाडी सेविका संपावर होतो, तेव्हा तर माझ्या सख्ख्या दिरानंही विचारला. "वहिनी, चार तासांचं काम, त्यात खिचडी मदतनीस शिजवते. मग मानधन कशाला वाढवून पाहिजे?" मी आजवर नोंदींच्या वह्या मोजून दाखवायचे. दोन वह्या झाल्या की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून या वेळी वेगळं सांगते.

तुम्हाला दिसतात ती तीन ते सहा वर्षांची लेकरं. माझ्याकडं चौतीस आहेत. गाणी, गोष्टी, रंग, हात धुणं, खिचडी, कुणाची चड्डी ओली, कुणाला ताप. हे काम तुम्ही येता-जाता बघता, त्याबद्दल जास्त सांगत नाही. पण तीन वर्षांच्या आतली लेकरं अंगणवाडीत बसत नाहीत, ती घरी असतात. त्यांना घरी न्यायचा आहार, त्यांच्या आयांची नोंद, गरोदर बायांची नोंद, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई आणि आशाताईबरोबर घरोघर बोलावणं, आणि दर महिन्याला प्रत्येकाचं वजन आणि उंची. ते सगळं मोबाईलवर भरायचं. 2021 साली राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, कारण ते धड चालतच नव्हते. त्यात मीही होते. पुढं बरेच दिवस मी मुलाच्या फोनवरून माहिती भरली. त्याचा अभ्यास सुरू व्हायच्या आत फोन परत द्यायचा, म्हणून संध्याकाळी घाई.

माझं खरं काम कोणतं म्हणाल, तर वजन. लेकरू झोळीत ठेवून काट्याला अडकवलं की ते लाथा झाडतं, काटा वर-खाली नाचतो. तो थांबेपर्यंत एका हातानं झोळी धरून गाणं म्हणत उभं राहायचं आणि थांबल्या क्षणी आकडा वाचायचा. मागच्या महिन्यापेक्षा दीड-दोनशे ग्रॅम उतरले असतील तर आईला बाजूला घेऊन विचारायचं, जुलाब झाले का, जेवतंय का, दूध तोडलं का. लेकरू वरून हसरं असतं. उतरती कळा आधी आकड्यात दिसते, चेहऱ्यावर फार उशिरा.

हे इतकं ठाऊक असणाऱ्या बाईनं एकदा आकडा मनानं लिहिला. ती बाई मीच.

2022 चा ऑक्टोबर. दसरा झाला होता. आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगराळ भागात. इथं दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं ऊसतोडीला जायला कोयता बांधतात. त्या दिवशी सकाळी मारुतीपाशी गाड्या लागल्या होत्या. दीड वर्षाच्या एका मुलीला कडेवर घेऊन तिची आई दारात आली.

"बाई, आहाराची पाकिटं द्या लवकर, गाडी खोळंबलीय."

आत चौतीस लेकरांची पंगत बसलेली. मदतनीस आजारी, म्हणून वाढायलाही मीच. महिन्याची वजनं त्याच दिवशी पूर्ण करून हवी होती, वरून दोनदा फोन आला होता. आणि काटा बिघडलेला, रिकामा असतानाही दोनशे ग्रॅमवर अडकायचा. मी मुलीकडं बघितलं. सप्टेंबरचं वजन होतं 8 किलो 400. मी पाकिटं दिली, सही घेतली आणि आई निघून गेल्यावर वहीत 8 किलो 600 लिहिलं.

काटा बिघडला होता, हे मी पुढं सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं. पण दोनशे ग्रॅम वजा करून वजन घेता आलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. दंडाचा घेर मोजायची पट्टी टेबलाच्या खणात होती. तिला अर्धा मिनिट लागतो.

एप्रिलमध्ये गाड्या परत आल्या. आजी मुलीला घेऊन आली, म्हणाली, "बाई, ही लई किरकिर करती." दंडाला पट्टी गुंडाळली. 11.2. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल रंग असतो, म्हणजे तीव्र कुपोषण. वजन भरलं 7 किलो 600. ग्राम बाल विकास केंद्र सुरू करून दिवसातून अनेकदा थोडं थोडं भरवलं, डॉक्टरांना दाखवलं, औषधं झाली. लेकरू सावरलं. पण ती ऑक्टोबरमध्येच घसरायला लागली होती का? माहीत नाही. ते सांगू शकणारा एकच आकडा होता आणि तो मी बनवला.

संपात मी दिराला म्हणाले होते की एका बाईवर एवढी कामं टाकली की असंच होणार. आजही तेच म्हणते. कोर्टानं 2022 मध्ये आम्हाला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे म्हटलं, तेव्हा मी रडले होते, कारण आम्ही काम करतो हे कुणीतरी कागदावर मान्य केलं. तरी रात्री मनात येतं, पंगत दोन मिनिटं थांबली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? मग दुसरं मन म्हणतं, गरम खिचडीचं पातेलं, एकटी बाई आणि चौतीस लेकरं सोडून दारात जायचं आणि कुणी भाजलं असतं तर? दोन्ही मनं माझीच आहेत. एकही गप्प बसत नाही.

म्हणून आता दसऱ्याच्या आधी आठ दिवस मी दुपारी अंगणवाडी सुटल्यावर कोयत्याला जाणाऱ्या घरांतून फिरते. पट्टी कमरेच्या बटव्यात असते. कुणी सांगितलेलं नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत. त्या वेळी तुम्ही मला पारावर बायांशी बोलताना बघता.

ती मुलगी आता माझ्याच अंगणवाडीत बसते. बडबडगीतं तोंडपाठ आहेत तिची, पण रांगेत सगळ्यांत बुटकी. मागच्या महिन्यात तिची आई म्हणाली, "बाई, हिची उंची काहून वाढंना?" मी आहाराचं सांगितलं, अंडी दे म्हटलं, डाळ घट्ट कर म्हटलं. वहीचं सांगितलं नाही.